डावी बाजू उघडी

धाकटीला सैल शिलाई बघवत नसे. कुणाच्या पँटची तुरपाई उसवलेली दिसली, तर भर रस्त्यात त्याला गाठून सांगेल अशी बाई. कपडे दुरुस्तीचं दुकान थोरल्या बहिणीचं. थोरली गिऱ्हाईक सांभाळायची आणि धाकटी खिडकीपाशी मशीनवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारत शिवायची. त्या खिडकीवर तिचा फार जीव.

तर अशा बाईने हौसेने केस शिवून घ्यायचे ठरवले, तेव्हाच खरं तर कुणीतरी तिला आवरायला हवं होतं. केस शिवतात म्हणजे काय, तर आपल्याच केसांच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालतात आणि विकत मिळणारी केसांची झालर वाकड्या सुईने त्या वेण्यांवर शिवत जातात. पार्लरवाली बिचारी बेताने दोरा ओढत होती, तर ही तिलाच शिकवायला लागली.

"अगं, ओढ की! सैल शिवलेलं कधी टिकतं का?"

पार्लरवालीने ओढलं. मग डोकं असं ठणकायला लागलं की उशीवर मान टेकवेना. तरी ही सगळ्यांना सांगत सुटली, "हलवून बघा, एक टाका हलणार नाही!" टाका नाहीच हलला. झालर उतरवली तेव्हा डाव्या कानावरचे तिचे स्वतःचे केस मात्र मुळासकट हातात आले. मागे राहिला गुळगुळीत डाग, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा.

गिऱ्हाइकं टक लावून बघायची. दुरुस्तीला कोट घेऊन आलेल्या एका बाईंनी तर बोट दाखवून विचारलं, "हे पसरणारं काही नाही ना?" त्याच संध्याकाळी थोरलीने मशीन मागच्या खोलीत हलवलं आणि मध्ये पडदा लावला. "तुझ्याच भल्यासाठी गं," म्हणाली. धाकटी जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकून आत जाऊन बसली. मागच्या खोलीत खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. तिथे बसून ती रडायची, हे सांगून टाकलेलं बरं.

शेवटी थोरलीनेच तोडगा काढला. "पुन्हा केस शिवून घे. सगळं झाकणारे. मग खुशाल बस खिडकीत."

दोघी पार्लरमध्ये गेल्या. थोरलीने आल्या आल्या भिंतीवरच्या एका फोटोवर बोट ठेवलं. सरळ केस, खांद्यापर्यंत, मधोमध भांग. "हे. कुणाला संशयसुद्धा येणार नाही."

पार्लरवालीने डाग उजेडात धरून पाहिला. "झाकता येईल. पण त्यासाठी कडेच्या केसांची घट्ट वेणी घालावी लागेल. आणि इथे लव यायला लागलीये. ताण बसला तर तीही जाईल. मग पुन्हा येईलच असं नाही."

धाकटीने बोट फिरवून पाहिलं. खरंच, मऊ मऊ काहीतरी लागत होतं. एवढे दिवस भीतीपोटी तिने तिथे हातच लावला नव्हता. तिला भरून आलं आणि पाठोपाठ सणकून रागही आला.

"मग झाकायचं नाही," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"ताई, मूठ माझी आहे. आवळून आवळून बोटं आखडली माझी."

"लोक बघतील!"

"बघू देत. मी काय चोरी केलीये? केस माझे गेले, त्यांचं काय गेलं? आणि ही लव आली नसती ना, तरी आता झाकलं नसतं."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही."

"एवढा पीळच उरलाय, तो तरी राहू दे!" धाकटी आरशाकडे वळली. "कुरळे लाव. कमरेपर्यंत. लाल झाक असलेले. सगळे उजवीकडे. डावीकडचे माझे आहेत ते बारीक काप, आणि ती बाजू उघडी ठेव."

थोरली पर्स उचलून तरातरा निघून गेली.

पार्लरवाली शिवायला लागली. पहिला दोरा ओढला तसं "ओढ" हे धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "पुरे," म्हणाली, "जरा सैलच असू दे."

दुसऱ्या दिवशी धाकटी सगळ्यांच्या आधी दुकानात पोचली. एकटीने मशीन ढकलत पुन्हा खिडकीपाशी आणलं, पडदा काढून घडी घातली. थोरली आली ती उंबऱ्यातच थबकली.

"झाकल्याशिवाय खिडकीत बसायचं नाही, असं ठरलं होतं आपलं."

"ते तू ठरवलं होतंस. मला हात धरून उठवायचं असेल तर उठव."

थोरली काही बोलणार, तेवढ्यात त्याच कोटवाल्या बाई हातात कोट घेऊन आत आल्या. लाल कुरळ्या केसांकडे बघून आधी हसल्या आणि मग त्यांची नजर डावीकडे गेली. तिथून ती हलेना.

"अगं बाई, एवढा खटाटोप केलास, मग ते का नाही झाकलंस?"

"कारण ते माझं आहे," धाकटी म्हणाली. "ओढून शिवलं म्हणून फाटलं. चूक माझीच होती. पसरत-बिसरत काही नाही. बघून झालं असेल तर द्या तो कोट, आणि जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी वळून थोरलीकडे पाहिलं. दुकानाची मालकीण काय ते बोलेल, अशी त्यांची खात्री होती. थोरलीने एकदा घडी घातलेल्या पडद्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"सरका ना जरा," ती बाईंना म्हणाली. "दिसत नाहीये तिला."