हवा मोजणाऱ्या सेन्सरचा सूड

मी हवा मोजणारा सेन्सर बोलतोय. डिझेल गाडीच्या बॉनेटखाली, एअर फिल्टरची पेटी आणि इंजिनाकडे जाणारा जाड पाइप यांच्या मधोमध माझी जागा. इंजिन किती श्वास घेतंय ते मी मोजतो आणि गाडीच्या मेंदूला कळवतो. त्या बेताने तो डिझेल सोडतो. अंगठ्याएवढा माझा काळा देह, आणि त्याच्या आत केसाहूनही नाजूक असा तापलेला पापुद्रा. तो पापुद्रा म्हणजेच मी. बाकी सगळं प्लास्टिक.

आधीच सांगतो, मी क्षमा मागायला बोलत नाही, आणि द्यायलाही नाही.

माझा जन्म एका लख्ख पांढऱ्या खोलीत झाला. तिथे टोपी आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणाला पाऊलही टाकता येत नसे. उघड्या बोटानं मला कुणी शिवलं नाही. पाठीवर एक लांबलचक नंबर कोरला, डबीत घातलं आणि एका चंदेरी, सात माणसांच्या डिझेल गाडीत नेऊन बसवलं. ती गाडी दिग्रसच्या नीळकंठ पांढरीपांडे यांनी घेतली. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलण्यात 'सदरहू' आणि 'उपरोक्त'. त्यांची बायको मंजुषा शाळेत शिकवायची. गाडीत ती नेहमी मागच्या सीटवर बसे आणि कमी बोले.

दिग्रसची हवा मोजणं सोपं नव्हे. दिवाळीनंतर सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या सुरू झाल्या की हवेत कापसाची तूस तरंगते. फिल्टर काढला की मुठीएवढे पांढरे पुंजके निघायचे. त्यातली थोडी धूळ, थोडी तूस माझ्यापर्यंत पोचायचीच. पण मला काळजी नव्हती, कारण जफर मिस्त्री होते.

जफरभाईंचं गॅरेज पुसद रोडला होतं. वर्षातून दोनदा ते मला बाहेर काढत. आधी इंजिन गार होऊ देत, बॅटरीची तार सोडवत, हात कोपरापर्यंत धुऊन पुसत. मग दोन स्क्रू काढून मला दोन बोटांत असं धरत, जणू चिमणीचं पिल्लू. माझ्यासाठी मिळणारा खास फवारा वीतभर अंतरावरून मारत आणि मला सावलीत वाळत ठेवत. पुसणं नाही, फुंकणं नाही.

एकदा नीळकंठरावांनी विचारलं, "एवढं काय त्यात? फडक्यानं पुसलं की झालं!"

"नाही साहेब," जफरभाई म्हणाले, "फडकं नाही चालत. आपल्या डोळ्याच्या बाहुलीले फडकं लावते का कोणी?"

नीळकंठराव हसले. पण एका मिस्त्रीनं चार माणसांत आपल्याला शिकवावं, हे त्यांना आवडलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी त्यांनी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ लावला, बॉनेट उघडलं आणि मला उपटून बाहेर काढलं. इंजिन अजून गरम होतं. त्यांनी कान कोरायची कापूस लावलेली काडी पेट्रोलमध्ये बुडवली आणि माझ्या आत खुपसली. एकदा, दोनदा, चांगली दाबून, गोल फिरवून. माझा पापुद्रा खरवडला गेला. ते दुखणं कसं सांगू? मला ओरडता येत नाही. मी फक्त मोजू शकतो.

घराच्या मागच्या दारात मंजुषाताई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "अहो, तुम्हाला जमतंय का ते? जफरभाईंकडेच न्या ना," त्या म्हणाल्या.

"तू आत जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गाडीचा जोर गेला. चढावर काळा धूर, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. नीळकंठराव गाडी घेऊन गॅरेजात आले. जफरभाईंनी मला काढलं, उजेडात धरलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, याले कोणीतरी हात लावला."

खरं तर एवढं म्हणायचं होतं की 'हो बुवा, चुकलं.' जफरभाई हसले असते, चहा मागवला असता, गोष्ट तिथेच संपली असती. पण आजूबाजूला चार गिऱ्हाइकं उभी होती. नीळकंठरावांचे कान लाल झाले.

"तुमच्याशिवाय कोण हात लावतं याला?" ते चढ्या आवाजात म्हणाले. "ओरिजिनल काढून घेतला आणि डुप्लिकेट बसवला! मला काय समजत नाही?"

जफरभाईंनी मला परत बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि बॉनेट लावलं.

संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर पडला: 'दिग्रसच्या नागरिकांस सूचना. जफर मिस्त्री ओरिजिनल पार्ट काढून डुप्लिकेट बसवतात. स्वानुभव आहे. सावध राहावे.' खाली पूर्ण नाव आणि 'निवृत्त हेडक्लार्क'.

पुढचं मला बऱ्याच उशिरा कळलं. जफरभाईंशी भांडायला कुणी आलं नाही. कुणी आलंच नाही. शाळेच्या गाड्यांचं काम दुसरीकडे गेलं. वीस वर्षांचे ओळखीचे लोक रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले. चार महिन्यांनी त्यांनी पाटी उतरवली आणि बायकोच्या, गौहरबींच्या माहेरी, बोरी अरबला बिऱ्हाड हलवलं. लेक तमन्ना तेव्हा आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकत होती. अब्बू बोलायचे थांबले. तिनं शिक्षण पुरं केलं आणि बोरीच्या रस्त्यावर पत्र्याची शेड टाकून काम सुरू केलं.

इकडे नीळकंठरावांनी मला बदललं नाही. का, ते मला पक्कं ठाऊक होतं. कंपनीच्या गॅरेजात नेलं असतं तर तिथल्या लोकांनी माझ्या पाठीवरचा नंबर बघून सांगितलं असतं की हा मूळचाच आहे. म्हणून ते दोन वर्षं रडणारी गाडी चालवत राहिले. मीही त्यांना सुखानं चालवू दिली नाही. घाटंजीच्या लग्नाला निघाले, तर भर चढावर मी हवा इतकी कमी सांगितली की मागे ट्रकांची रांग लागली आणि सगळे त्यांच्या नावानं हॉर्न वाजवू लागले. जखमेमुळे मला नीट मोजता येत नव्हतं हे खरं. पण त्यात थोडा आडमुठेपणा माझा होता, आणि त्याची मला लाज नाही.

मग गेल्या जूनमधला तो बुधवार आला.

मंजुषाताईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती. महिन्यातून एकदा नागपूरचे डॉक्टर यवतमाळला येऊन डोळ्यात इंजेक्शन देत. दुपारी एकपर्यंतच बसत. चुकलं तर महिनाभर थांबायचं, आणि तेवढ्यात नजर राहील याची खात्री नाही. दारव्हा मागे पडलं आणि मी मान टाकली. गाडीनं अंग चोरलं, ताशी तीस किलोमीटरच्या वर जाईना. ढकलत ढकलत ती बोरी अरबला आली आणि एका पत्र्याच्या शेडपुढे थांबली. पाटीवर लिहिलं होतं: 'तमन्ना डिझेल वर्क्स'.

निळा शर्ट घातलेली, ओढणी कमरेला खोचलेली पोरगी ट्रॅक्टरखालून बाहेर आली. तिनं आधी गाडीचा नंबर पाहिला, मग माणूस. नीळकंठरावांनी तिला ओळखलं नाही.

"जरा लवकर बघ बेटा. हिच्या डोळ्याचं इंजेक्शन आहे, आम्हाला एकच्या आत यवतमाळला पोचायचं आहे."

तमन्नानं बॉनेट उघडलं. मला पाहताच तिचा हात थांबला. मला वाटलं, आता! आता ही बॉनेट आदळेल आणि म्हणेल, जा पायी. मी तेच मागत होतो. मंजुषाताईंच्या डोळ्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, हेही कबूल करतो.

पण तिनं मागे बसलेल्या मंजुषाताईंकडे पाहिलं आणि आत भावाला हाक मारली, "परवेज! जीप काढ. काकूले यवतमाळले दवाखान्यात ने. तिथंच थांब, अन् सोबत घेऊन ये." मग वळून म्हणाली, "काकू जातीन. तुमी इथं थांबा, साहेब. गाडी सुधरेपर्यंत मालक लागते."

"मालक कशाला लागतो?"

"मी जफर मिस्त्रीची पोरगी हाय."

जीप निघून गेली. नीळकंठराव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. उठून जावं तर गाडी उघडी पडलेली, आणि बायको याच मुलीच्या भावाच्या भरवशावर. ट्रॅक्टरचे मालक धावजी नाईक बाजूच्या बाजेवर बसले होते. चार माणसं आणखी जमली.

तमन्नानं मला अगदी अब्बूंसारखं काढलं. इंजिन गार होऊ दिलं, तार सोडवली, फवारा मारला, सावलीत ठेवलं. दोन वर्षांनी मला कुणीतरी नीट हात लावला. तीनेक तास ट्रॅक्टरचं काम उरकून तिनं मला भिंगाखाली धरलं.

"धावजीकाका, इकडं या. काय दिसते?"

"कापूस हाय का वं?"

"जिनिंगची तूस फवाऱ्यानं निघाली. हा कापूस पीळ घातलेला हाय. कान कोरायच्या काडीचा. आतमधी चिकटून बसला." तिनं भिंग नीळकंठरावांपुढे धरलं. "आणि हे ओरखडे पाहा साहेब. मळ निघते. ओरखडा नाही निघत."

मग तिनं कंपनीच्या गॅरेजला फोन लावला, आवाज मोठा केला, आधी गाडीचा नंबर सांगितला आणि मग माझ्या पाठीवरचा. पलीकडचा माणूस म्हणाला, "हो मॅडम, याच गाडीचा ओरिजिनल आहे. गाडीबरोबरच आला होता."

शेडच्या मागच्या खोलीत जफरभाई होते. दाराचा पडदा हलला, पण ते बाहेर आले नाहीत.

"ओरिजिनल असेल," नीळकंठराव म्हणाले. "पण घासला कुणी? तुझ्या वडिलांनीच घासला असेल. सिद्ध काय होतं यातून?"

तमन्नाच्या हातात पाना होता. तिची मूठ आवळली गेली. मी म्हटलं, मार! तेवढ्यात जीप येऊन उभी राहिली. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या मंजुषाताई परवेजचा हात धरून उतरल्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"तुम्हीच घासला," त्या म्हणाल्या. "रविवार होता. मी दारात चहा घेऊन उभी होते."

"मंजुषा, तू गप्प बस."

"दोन वर्षं बसले ना गप्प. हिच्या भावानं आज मला आईसारखं सांभाळून नेलं. डॉक्टरकडे नंबर लावला, पाणी आणून दिलं. आणि तुम्ही अजूनही..." त्यांनी हात पुढे केला. "काढा मोबाइल."

नीळकंठरावांनी मोबाइल काढला. त्याच ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करू लागले, "सदरहू प्रकरणी अनवधानाने गैरसमज होऊन..."

"असं नाही," तमन्ना म्हणाली. "सगळ्याइले समजन असं सांगा. माझ्या अब्बूचं नाव घेऊन, अन् तुमचं पन."

पाठवण्याआधी तिनं पुसायला लावलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा ते म्हणाले, "मी नीळकंठ पांढरीपांडे. जफर मिस्त्रींनी माझा पार्ट चोरला नव्हता. तो मीच बिघडवला आणि त्यांच्यावर खोटा आळ घेतला." म्हणताना त्यांची मान खाली होती, आणि तो आवाज दिग्रसमधल्या घराघरात गेला. एवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी आला. तो बसवून गाडी गेली. मला मात्र तमन्नानं दिलं नाही. तिनं माझ्या गळ्यात तार ओवली आणि गॅरेजच्या दाराला टांगलं. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे काय हाय?" आणि ती हातातलं काम न थांबवता सगळं सांगते. पूर्ण नाव घेऊन, 'निवृत्त हेडक्लार्क'सकट.

चार महिन्यांनी नीळकंठराव एसटीनं एकटेच आले. बारीक झाले होते. "बेटा, आता ते उतरव," ते म्हणाले. "इकडचे लोक दिग्रसला येतात, तिथेही बोलतात."

"अब्बूले विचारा."

जफरभाई एका जीपच्या चाकाशी बसले होते. ते उठले. पुसद रोडच्या गॅरेजातल्या त्या दिवसानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले.

"साहेब," जफरभाई म्हणाले, "माझं नाव दिग्रसमधी दोन वर्ष असंच टांगून होतं. उतरवा म्हनून मी कोनाच्या दारी गेलतो का? तुमचेबी दोन वर्ष होऊ द्या. मग मी माझ्या हातानं उतरवतो."

नीळकंठराव वळले आणि स्टँडकडे चालू लागले. त्यांना कुणी चहा विचारला नाही. गौहरबींनी आतून कप बाहेर काढले होते, ते परत ठेवले.

आता मी कामाचा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची हवा अंगाला लागते, पण ती मोजून सांगायला कुणी नाही. वर्ष-सव्वा वर्ष उरलंय. जफरभाई शब्दाचे पक्के, ते मला नक्की उतरवतील. मला विचाराल, तर उतरवू नये.

तुमच्या गाडीतही माझा कुणी भाऊबंद बसलेला असेल. त्याला बोट लावू नका, काडी लावू नका. लावलीच, तर त्याच दिवशी कबूल करा. मला खरवडलं, ते मी केव्हाच पोटात घातलं असतं. दुसऱ्याच्या माथी मारलं, ते घालणार नाही.