उत्तर : बघतो

"फोन हातात हलतो गं, ताई," राजरत्न जर्मनीतून म्हणाला. "त्यापेक्षा बाबांचा लॅपटॉप लाव ना. चालतोय ना तो?"

मृणालने ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. रविवारी ठाकुर्लीच्या घरी बाबा गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन होतं. राजूला रजा मिळत नव्हती, तो सगळा विधी पडद्यावरच बघणार होता. आणि विचारत होता, चालतोय ना!

मागे आला तेव्हा त्यानेच त्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं होतं. "फुकट आहे बाबा, आणि मोकळं. कुणाची गुलामी नाही." बाबांना ते वाक्य फार आवडलं होतं. मग जुलैत कसलासा अपडेट आला आणि वायफाय गेलं ते गेलंच.

"मृणाल, हे म्हणतंय ड्रायव्हर नाही," बाबांनी तिला फोन केला होता. "खोपट डेपोत बत्तीस वर्षं एसटी चालवली, आणि मलाच सांगतंय!"

ती हसली होती. "राजूला विचारा, बाबा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मोबाइलवर त्यांना जर्मनीतली नात धड दिसत नसे, म्हणून लॅपटॉप हवा होता. गाडीचा बिघाड लॉगशीटवर लिहायची डेपोतली सवय. तशीच एक वही त्यांनी या मशीनसाठी घातली होती.

दि. ९. वायफाय नाही. राजूस कळवले. उत्तर : बघतो.
दि. १६. वायफाय नाही. राजूस कळवले. उत्तर : बघतो, कामात आहे.
दि. २३. वायफाय नाही. कळवले नाही. पोरगा दमलेला असतो.

अठ्ठावीसला ते गेले.

शनिवारी दुपारी ठाकुर्लीला येऊन मृणालने वायफाय कार्डाचं नाव आपल्या फोनवर शोधलं. ब्राझीलच्या कुणा माणसाचं तेच कार्ड होतं, तेच दुखणं. खाली कुणीतरी इंग्रजीत सविस्तर उत्तर दिलं होतं. आधी मोबाइल केबलने जोडा, तेवढं नेट मशीनला पुरेल. मग जुना ड्रायव्हर काढा, हा बसवा. घाई करू नका. अडलात तर पुन्हा विचारा, मी आहे. तो माणूस चारदा अडला होता. चारही वेळा त्याला न कंटाळता समजावलं होतं. उत्तर देणाऱ्याचं नाव राजरत्न, फोटोसकट. तारीख सोळा जुलै.

तिने वही उघडून तारीख ताडून पाहिली. मग राजूच्या उत्तरात लिहिलं होतं तसं एकेक करत गेली. केबल तिच्या पर्समध्येच होती. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

रविवारी पडद्यावर राजू आला, मांडीवर लहानगी श्रिया.

"अरे वा, एकदम क्लिअर! कुणी लावून दिलं गं?"

"तूच."

"मी? कधी?"

"सोळा जुलैला. ब्राझीलच्या माणसाला सांगत होतास ना? त्याने चारदा विचारलं, तू चारदा सांगितलंस."

"कसलं ब्राझील गं?" शीलाआत्याने मागून विचारलं.

राजूने श्रियाला खाली उतरवलं. मग हळूच म्हणाला, "मी इथे होतो, ताई. तू तर कल्याणला होतीस. बाबांपासून एक स्टेशन."

विधीला आलेल्या भन्तेजींनी ‘बुद्धं सरणं’ म्हणत त्रिसरण सुरू केलं. सगळ्यांचे हात जुळले. मृणालचे जरा उशिराने.