बुधवारी तिप्पट

धाकट्याचं वागणं हल्ली चारचौघांत सांगायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर कोट घेऊन ताटकळत उभं, आणि हे महाशय खुर्चीत रेलून दात कोरताहेत. इस्त्री धर म्हटलं की मनगट दुखतं. वर आईलाच ऐकवायचं, "तू दिवसभर वाफेत उभी राहून जे मिळवतेस ना, ते मी दात घासायच्या आधी कमावतो."

मालकीणबाईंना राग त्या बोलण्याचा नव्हता. राग याचा होता की त्यांना ते खरं वाटत होतं.

लॉन्ड्री त्यांनी नवऱ्यामागे दोन इस्त्र्यांवर उभी केली होती. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, पण आकड्यांना त्या कधी भ्यायल्या नाहीत. दुकानात त्यांचे दोन कायदे. पहिला, शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही. दुसरा, घेतलेली वस्तू तोट्यात द्यायची नाही. या दुसऱ्या कायद्याचा पुरावा मागच्या खोलीत उभा होता. कपडे वाळवायचं एक जुनं मशीन त्यांनी हौसेने घेतलं, ते महिनाभरात बंद पडलं. भंगारवाला निम्म्या किमतीत न्यायला तयार होता, त्याला त्यांनी दारातून परत पाठवलं. तेव्हापासून अकरा वर्षं ते धूड साबणाचे खोके डोक्यावर घेऊन उभं होतं. येता-जाता सगळ्यांच्या कमरेला लागायचं, पण "हलवू या का?" असं विचारायची छाती कुणाची नव्हती.

नव्या बॉयलरसाठी साठवलेले तीन लाख धाकट्याने "वाढवून देतो" म्हणून मागून घेतले होते. एका देशाचं चलन घ्यायचं, दुसऱ्याचं विकायचं, भाव हलला की सौदा बंद करून मधला फायदा खिशात. सगळं मोबाइलवर. रोज पहाटे, शटर उघडायच्या आधी. साठ सौदे केले, साठही फायद्यात. हे मालकीणबाईंनी समोरच्या चष्मेवाल्याला, शेजारच्या औषधवाल्याला आणि स्वतःच्या विहिणीला किमान तीन-तीनदा ऐकवलं होतं.

गुरुवारी दुपारी बॉयलरचा मिस्त्री आला. जुन्या बॉयलरच्या सांध्यावर बोट फिरवून त्याने ते ओलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"बाई, हा आता फार दिवस काढत नाही. नवा तयार आहे. उद्या पैसे द्या, परवा बसवतो. नाहीतर हॉटेलवाला मागतोय, त्याला देऊन टाकतो."

"उद्या म्हणजे उद्या," मालकीणबाई म्हणाल्या आणि मिस्त्री गेल्यावर लेकाकडे वळल्या. "काढ रे शेठ, आमचे तीन लाख. वरचे तुला ठेव."

शेठचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला. "आई, पुढच्या आठवड्यात दिले तर?"

"साठात साठ जिंकणाऱ्याला पुढचा आठवडा कशाला लागतो?"

"एक सौदा अडकलाय. एकसष्टावा."

काउंटरवर पावत्या फाडणारी सूनबाई एवढा वेळ खाली मान घालून होती. ती उठली, नवऱ्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि पावतीच्या छोट्या मशीनला जोडला. "आई, कालच माझ्या नजरेला पडलं. तुम्हीच बघा."

मशीन किरकिरायला लागलं. हातभर पट्टी आली, मग दोन हात. काउंटरवरून इस्त्रीच्या टेबलावर, तिथून खाली फरशीवर, तरी थांबेना. मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि पट्टीवर बोट ठेवलं. सहाशे चाळीस. सहाशे चाळीस. एकोणीसशे वीस. सहाशे चाळीस. सहाशे चाळीस. पुन्हा तेच. प्रत्येक आकड्याच्या आधी वजाची रेघ.

"हे काय आहे?"

"सौदा रात्रभर उघडा ठेवला की त्याचा आकार," धाकटा पुटपुटला. "स्वॅप म्हणतात. सगळ्याच सौद्यांना बसतो असं नाही, याला बसतो."

"आणि हे एकोणीसशे?"

"बुधवारी तिप्पट. शनिवार-रविवार बाजार बंद, त्यांचं बुधवारीच कापून घेतात."

मालकीणबाईंनी मान वर केली. समोर भिंतीवर याच पोराने रंगवलेली पाटी होती : तीन दिवसांत न नेलेल्या कपड्यांना रोज वेगळा आकार पडेल.

"अरे, ती पाटी तूच लिहिलीस ना? गिऱ्हाइकाच्या एका शर्टाचे तू दहा दिवसांचे पैसे मोजून घेतोस, आणि स्वतःचं गाठोडं लोकांच्या दुकानात किती दिवस टाकलंस?"

"सोळा आठवडे."

सूनबाईने बेरीज आधीच केली होती. "एकाहत्तर हजार सहाशे ऐंशी. नुसता ठेवण्याचा आकार. सौद्यातला तोटा वेगळा, तो चाळीस हजार."

मालापेक्षा गोदामाचं भाडं जास्त! आयुष्यात मालकीणबाईंनी असं ऐकलं नव्हतं. "आणि ते साठ सौदे? त्यांचं काय झालं?"

"सगळे मिळून छत्तीस हजार फायदा."

"साठांचे फक्त छत्तीस?"

"घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत फरक असतो, तो आपल्या अंगावर. पहाटे मोठे बाजार बंद, तेव्हा तो फरक मोठा. दर सौद्याला नऊशे जायचे."

"आणि आत्ता, दुपारी?"

त्याने मोबाइल पाहिला. "एकशे ऐंशी."

"मग पहाटे कशाला मरायला उठायचास रे?"

"दुकान उघडं असताना मोबाइलला हात लावलेला चालतो का तुला?"

मालकीणबाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला. साठ वेळा एकशे ऐंशीऐवजी नऊशे. त्यांच्या स्वतःच्या कायद्याने घरातून गेलेले. तरी त्यांनी बोट पट्टीच्या पार वरच्या टोकाला नेलं.

"पहिल्या आठवड्यातच हा एकसष्टावा बंद केला असतास तर?"

"नऊ हजार गेले असते."

"नऊ! अरे, मग हात धरला होता का कुणी?"

धाकट्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. साबणाचे खोके डोक्यावर घेतलेलं ते धूड दारातून अर्धं दिसत होतं. "आपल्या घरात तोट्यात कुणी काही दिलेलं नाही, असं तूच सांगतेस ना आई. मला वाटलं, भाव येईल परत. तुझ्यासमोर तोटा घेऊन उभा कसा राहू?"

कुणीतरी कानाखाली वाजवावी तशा मालकीणबाई मागे सरकल्या आणि स्टुलावर बसल्या. अकरा वर्षं. त्या खोलीत आणखी दोन इस्त्र्या बसल्या असत्या. त्यांचं भाडं कुणी पट्टीवर छापून दिलं नाही, म्हणून कधी मोजलंच नाही. बॉयलरच्या सांध्यातून वाफ फुस्स करून सुटली, सूनबाई दचकली, पण त्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि उठून उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा बसलेला.

"इकडे बघ. आत्ता, भर दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत तो सौदा बंद कर. गेले ते गेले, आजची रात्र त्याला मिळायची नाही. मिस्त्रीला मी बोलते, उरलेले तो हप्त्याने घेईल, आणि ते हप्ते फिटेपर्यंत सकाळची इस्त्री तुझी. मनगट दुखलं तर दुसऱ्या हाताने कर. आणि त्या भंगारवाल्याला बोलाव. देईल त्या भावाला ते मशीन संध्याकाळच्या आत बाहेर गेलं पाहिजे. या घरात मूर्ख तू एकटा नाहीस, पण इस्त्री तू एकटाच करणार."