डाव्या बाजूचा पांढरा ठिपका

मी बोलतेय ती राहात्याच्या गहिनीनाथच्या डोक्याची एमआरआय फिल्म. घरात मला ‘डोक्याचा फोटो’ म्हणतात. माझा जन्म नगरला, एका स्कॅन सेंटरच्या गार खोलीत झाला; पुढचे कितीतरी महिने मात्र मी गव्हाच्या कोठीमागे तोंड लपवून काढले.

गहिनीनाथ पेरूच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्याची बोली सुरू झाली की शेजारच्या आडतीवरचे व्यापारीही इकडे सरकायचे. एके सकाळी बोली पुकारता पुकारता त्याची जीभ जड झाली. मनात आकडा यायचा, तोंडातून भलतंच बाहेर पडायचं. उजव्या हातातला पेरू गळून पडला. सकाळीच लावलीय वाटतं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पूर्वी तो प्यायचा, हे बाजाराला ठाऊक होतं. सोडून वर्षं झाली होती, हे कुणाला आठवलं नाही. छगन हमालानं त्याला मोटारसायकलवर घरी आणलं. पोचेपर्यंत हात हलू लागला, बोलणंही सरळ झालं.

त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, दारातच त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तिला आपल्या करण्याची लाज वाटली आणि पाठोपाठ भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जवळजवळ ओढत नगरला नेलं. तिथं मी झाले.

डॉक्टरांनी मला उजेडाच्या काचेवर लावलं. डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. हा ताजा, ते म्हणाले, इथलं रक्त अडलं होतं. आजूबाजूचे फिकट डाग जुने. आधीही असं होऊन गेलं असेल, कळलं नसेल.

"आता बरं वाटतंय म्हणून सोडून देऊ नका," त्यांनी गहिनीनाथला बजावलं. "पुन्हा असं झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा."

गोळ्या घेऊन दोघं एसटीत बसले. गहिनीनाथनं मला मांडीवर पालथं धरलं होतं.

"मी प्यालो हुतो म्हनून सांग," तो बायकोला हळूच म्हणाला. "दारूचं लोक इसरत्यात. डोक्यात बिघाड हाय म्हनलं, तर बोली दुसऱ्याच्या तोंडी जाईल."

बनुबाईला पटलं नाही, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला नाही म्हणवेना. संध्याकाळी छगन विचारपूस करायला आला, तेव्हा खाली बघत ती म्हणाली, "व्हय, घेतली हुती." तोवर मी कोठीमागे गेले होते. गोळ्याही कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून आड ठेवल्या, आणि आड ठेवलेल्या गोळ्या तो विसरू लागला.

थंडीत, पेरूच्या ऐन हंगामात, एका सकाळी बाजारात लिलाव सुरू व्हायच्या आधीच पुन्हा तेच झालं. या वेळी लोंबलेला हात वर येईना. गड्यानं परत घेतली, असं छगनला वाटलं. लोकांनी मित्राला हसू नये म्हणून त्यानं त्याला आडतीच्या मागं नेलं, रिकाम्या कॅरेटच्या आडोशाला पोत्यावर निजवलं आणि अंगावर आपला टॉवेल टाकला. कुणी विचारलं तर गहिनीनाथ गावाला गेलाय, असं सांगत राहिला.

जेवायला आला नाही म्हणून बनुबाई शोधत आली. तोवर दुपार कलली होती आणि त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

कधीपासून असं आहे, नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. सकाळपासून, छगननं सांगितलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ निघून गेली, असं डॉक्टर म्हणाले.

नवी फिल्म काढली आणि ताडून बघायला मलाही मागवलं. आम्ही दोघी काचेवर शेजारी लागलो. माझ्यातला पांढरा ठिपका तिच्यात विझून बारीक काळा व्रण झाला होता. त्याच्या पलीकडे नवा डाग होता, चिंचोक्याएवढा.

छगन आमच्याकडून बनुबाईकडे वळला. "वहिनी, तुमी म्हनला हुता, घेतली हुती म्हनून."

"खोटं बोलले, भाऊजी."

"म्या निजवला त्याला," छगन म्हणाला. "ह्या हातानं निजवला."

बनुबाईनं पदर तोंडावर घेतला.

गहिनीनाथ वाचला. पाय ओढत चालतो, डाव्या हातानं पेरू निवडतो, शब्द मात्र अडतात. बोली आता दुसरा पुकारतो. एक दिवस तो मला घेऊन बाजारात गेला आणि लिलावाच्या गर्दीपुढं मला उन्हाकडं धरलं. "मी... प्यालो... नव्हतो," एवढं म्हणताना त्याच्या कपाळाला घाम आला. कुणी हसलं नाही. बरेच जण पायाशी बघत राहिले. छगन कॅरेटमागं गेला, तो लिलाव संपेपर्यंत बाहेर आला नाही.

आता मी खिडकीजवळच्या खिळ्याला असते. सगळ्यांना दिसते. बाबांनो, कुणाची जीभ अडखळली, हात गळाला, तोंड वाकडं झालं, तर वास घेत बसू नका, त्याला उचला. घटकाभरात बरा झाला तरी न्या. मी काही कुणाची बदनामी नव्हे.

गहिनीनाथला शब्द सापडेनासा झाला की बनुबाईला आपलं ‘घेतली हुती’ आठवतं आणि ती अजूनही उठून स्वयंपाकघरात जाते. चुलीवर तेव्हा काहीच नसतं.