उपाशी मुकादम

रिदाच्या अब्बांनी बिछाना हॉलमध्ये हलवला, तेव्हा मी म्हटलं, हलवा बापडे. कुवेतला अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला एकट्यानं झोपायचीच सवय. पण राग आला होता, खोटं कशाला बोलू?

त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर. पुरुषी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं चालू होती. बरं चाललं होतं, तर रक्तातला कॅन्सरचा आकडा पुन्हा चढायला लागला. आमची रिदा खारघरला कॅन्सरच्या लॅबमध्ये संशोधन करते, तिनं मला समजावलं. पेशीत एक मुकादम बसलेला असतो, त्याला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणायचं. हार्मोनची भाकरी मिळाली की तो जीन्सना कामाला जुंपतो, वाढा म्हणतो. इंजेक्शननं त्याची भाकरी तोडली, तर मेला चोरूनमारून मिळेल त्या तुकड्यावर भागवायला शिकला. तो तुकडाही तोडणारी नवी गोळी आली होती. नाही घेतली तर आजार हाडांत पसरेल, असं ती म्हणाली.

हे नको म्हणाले. रिदा रडली, मी भांडले. भिंतीशी बोलल्यासारखं.

एका दुपारी मी जुहरची नमाज आटोपून हॉलमध्ये आले. पनवेलला तेव्हा चांगली थंडी पडली होती, आणि हे उघड्या अंगानं घामानं निथळत बसलेले, तोंड लालबुंद. मला पाहताच घाईघाईनं छातीवर टॉवेल ओढला. इंजेक्शनांनी छाती बायकांसारखी भरली होती. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"बाई झालोय मी, दिलशाद," ते म्हणाले. "आणखी किती होऊ?"

जीभ माझीच ना! "मी तर जन्मभर बाईच आहे," म्हटलं. "माझं काय वाईट झालं?"

ते हसले नाहीत. मी हातपंखा घेतला, शेजारी बसले आणि वारा घालत सांगत राहिले. पाळी जाताना मलाही असंच व्हायचं. अंगातून वाफा निघायच्या, उगाच रडू यायचं, कुणी जवळ नको वाटायचं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कधी झालं हे?"

"तुम्ही कुवेतला होता तेव्हा. फोनवर काय सांगणार?"

त्यांनी हळूच विचारलं, "तेव्हा तुला वारा कोण घालायचं?"

"कोण घालणार?"

त्यांचे डोळे भरले. रिदाला गोळ्या आणायला सांग म्हणाले, आणि माझ्या हातातला पंखा घेऊन मलाच वारा घालू लागले.

मला थंडी वाजत होती. मी तशीच बसून राहिले.