आठ मापं पाणी

"काका, पैज लावता?" पुतणीने पत्र्याचे दोन डबे माझ्यासमोर ठेवले. शाळेसाठी सकाळी मीच करून दिले होते. दोन्ही चौकोनी, मोठ्याची प्रत्येक बाजू लहानाच्या दुप्पट. "लहान डबा किती वेळा ओतला की मोठा भरेल?"

"दोनदा. आठवी नापास झालो म्हणून एवढंही कळत नाही होय गं मला?"

"बाईंनी सांगितलंय, समरूप आकृत्यांत कोन तेच राहतात, बाजू सगळ्या एकाच पटीत वाढतात. पण आतलं त्या पटीत वाढत नाही. बघाच तुम्ही."

ती ओतू लागली. दोन झाले. मी म्हटलं, सांडतेस गं. चार झाले तरी डबा निम्माच. आठव्याला पाणी काठाला लागलं.

"हरलात!" ती टाळ्या पिटत म्हणाली. मला एक टाकी आठवली.

तीन वर्षांपूर्वी धुलाई कारखान्याच्या मालकाने मी केलेली एक टाकी बघितली आणि म्हणाला, अश्शीच, पण दुप्पट मोठी करा. आकडेमोड करत बसणं आमच्या धंद्यात नाही. नमुना मोजायचा आणि माप वाढवायचं. मी टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली. खालचे लोखंडी पाय उंचीला, रुंदीला, जाडीला दुप्पट केले. वेल्डिंग माझ्या धाकट्या भावाचं, म्हणजे हिच्या बापाचं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा तो गळती बघायला खाली वाकला होता. टाकी त्याच्यावर आली.

पडताना एक जोड उकलला होता. मला तेवढा पुरला. सगळंच दुप्पट केलेलं, मग माझं चुकेल कुठे? चौकशीच्या साहेबांना आणि गल्लीतल्या एकूण एक दुकानदाराला मी छातीठोकपणे सांगितलं, त्याचा जोड कच्चा राहिला. लोक हळहळले, बिचारा स्वतःच्याच हाताने मेला. मेलेला माणूस काय उलटून बोलणार!

"बरं, आणि डब्याला पाय असते, आणि तेही सगळीकडून दुप्पट केले असते तर?" मी विचारलं.

पोरीने वहीत एक चौकोन काढला, शेजारी दुप्पट बाजूचा दुसरा, त्यात लहान चार बसवून दाखवले. "पाय आडवा कापला की त्याचं तोंड असं चौपट. पाणी मात्र आठपट. मग मोडतीलच की हो ते!"

मोठ्या डब्याला पत्रा चौपट लागतो हे माझ्या हाताला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. डोक्यात मात्र कधी शिरलं नाही. दगडच मी!

मी आत गेलो. भावजय पोरीच्या गणवेशाची शिवण उसवून सैल करत बसली होती.

"त्याचा जोड पक्का होता," मी म्हणालो. "पाय मोडले. मापं माझी होती. मारलं ते मी."

तिने सुई खाली ठेवली.

"पोर विचारायची, बाबांना काम नीट येत नव्हतं का गं? तीन वर्षं, दादा! मीसुद्धा त्यांनाच बोल लावला."

पुतणी दारात आली होती. "काका, खरंच?"

मी मानेनेच हो म्हटलं. ती माझ्या अंगाला न लागता बाजूने गेली आणि आईच्या मागे उभी राहिली. मी भावजयीच्या पायाशी वाकलो.

"ते राहू द्या," ती पाय मागे घेत म्हणाली. "ज्यांच्या ज्यांच्यासमोर त्यांना कच्चं ठरवलंत, त्यांना जाऊन सांगा. आत्ता."

पहिलं दुकान लेथवाल्याचं. यंत्र घरघरत होतं. मी दारात उभं राहून सांगितलं, माझ्या भावाचा जोड पक्का होता. त्याने कानाशी हात नेला, ऐकू येत नाही म्हणून. मी खूण केली तेव्हा त्याने यंत्र थांबवलं, आणि मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तोवर शेजारच्या दुकानातले दोघे बाहेर आले होते. त्यांनाही सांगितलं.