मधल्या सुट्टीतली भाकर

सातपूरच्या कामगार वस्तीत १९८४ साली देवराम फिटरने कुपनांची मागणी उचलून धरली. नाल्याजवळच्या शाळेवर सरकार जो खर्च करतं, तो कुपनाच्या रूपात आईबापांच्या हाती द्यावा. ते ज्या शाळेला कुपन देतील तिथं मूल शिकेल, अशी ती मागणी होती.

"कुपनावर रॉकेल मिळतं, त्यात निम्मं पाणी. मास्तरही तसाच मिळणार का?" टपरीवर लोक हसायचे.

मालनबाई बोलायला लागली तेव्हा हसणं थांबलं. आदल्या पावसाळ्यात त्याच शाळेची भिंत वर्गात कोसळली होती. तिच्याखाली मालनबाईची थोरली, सुगंधा, गेली. प्रत्येक सभेत ती एवढंच सांगायची, "सकाळी वेणी घालून दिली. दुपारी रिबिनीवरून ओळखली." मग खाली बसायची. देवरामला वेगळं भाषण करावं लागत नसे.

शेवटची सभा बुद्धविहारासमोर झाली. मुंबईहून शिक्षण खात्याचे दोन साहेब आले होते. वस्तीचा पाठिंबा दिसला तर इथं प्रयोग करून बघू, असं त्यांनी कळवलं होतं. मालनबाई बोलून बसली. देवराम हात वर करायला सांगणार, तोच मागून नवसाबाई उठली. तिची पोरं त्याच शाळेत होती.

"अगं मालन, पोरं दुसरीकडं गेली की ही शाळा बंदच पडंल ना?"

"पडू द्या," देवराम म्हणाला. "राहिलंय काय तिथं?"

मालनबाईने मान वर केली. "बंद म्हंजी? कुलूप लावणार?"

"कुलूप कशाला, पाडूनच टाकतील. चला, हात वर करा."

हात भराभर वर गेले. मालनबाईचा मांडीवरच राहिला. शेजारच्या बायांनी तो पाहिला आणि आपले खाली घेतले. मग त्यांच्या मागच्यांनी.

"ताई, हात!" देवराम दबक्या आवाजात म्हणाला.

"नाय भाऊ. सुगंधा तिथंच हाय. शाळा पाडल्यावर ती कुठं बसंल?"

साहेब चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी देवराम तिला जाब विचारायला घरी गेला; मधल्या सुट्टीत ती शाळेत असते असं शेजारी कळलं, म्हणून तो तिथं गेला. पडलेल्या भिंतीच्या जागी बांबूचे तट्टे बांधले होते. मालनबाई पायरीवर डबा उघडत होती. शेजारी तिची धाकटी नंदा होती. ही मुलगी कुठल्या शाळेत जाते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. नंदाने एक भाकर स्वतःपुढे ठेवली, दुसरी शेजारच्या मोकळ्या जागेपुढे. मग ती जरा सरकून बसली.

"बसा की भाऊ," मालनबाई म्हणाली.

पायरीवर ती मोकळी जागा तेवढीच होती. देवराम खाली मातीत बसला.